अक्षता पडल्या आणि चित्र फुटले

आमचे लग्न मे १९८६ मध्ये सांगलीला झाले. लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करणे ही तेव्हा नवी हौस होती आणि माझ्या थोरल्या भावाने ती कर्ज न काढता पुरवली. खांद्यावर कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ, त्यांच्यामागे वायर सांभाळणारा एक मुलगा आणि हातात प्रखर दिवा धरलेला दुसरा मुलगा अशी ती तिघांची वरात कार्यालयभर हिंडत होती. मे महिना, सांगलीचा उकाडा आणि वर तो दिवा. फोटोत आम्ही प्रसन्न दिसतो, व्हिडिओत मात्र घामाघूम.

तीन तासांची व्हीएचएस कॅसेट भरली. तिची एक नक्कल काढून मिरजेला सासुरवाडीला दिली. मूळ कॅसेट बँकेतल्या बदल्यांबरोबर स्वेटरांच्या ट्रंकेतून गावोगाव हिंडली आणि शेवटी पुण्याला स्थिरावली. २००१ साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कादंबऱ्या लिहायला बसलो. रिकामपणाची कामे सुचू लागली, त्यांतलेच एक म्हणजे ही कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेणे. २००६ साली घराजवळच्या एका दुकानात ती दिली. चार दिवसांनी चकचकीत चकती हातात आली. दुकानदार म्हणाला, "काका, आता ती कॅसेट ठेवून काय करणार? बुरशी लागेल." मला पटले. व्हीसीआरसकट कॅसेट भंगारवाल्याला दिली. व्हीसीआरचे त्याने दोनशे रुपये दिले, कॅसेटचे काहीच नाही.

चकती आणल्यावर आम्ही तेच केले जे बहुतेक घरांत करतात. पहिली दहा मिनिटे पाहिली, "छान आलंय" म्हणालो आणि ती कपाटात ठेवली. तीस वर्षे बँकेत व्हाउचर तपासून सही करा म्हणून इतरांना बजावणारा माणूस मी! (तीस नव्हे, बावीस. पण बँकेतली वर्षे दीडपट मोजावीत असे माझे मत आहे.)

२०२४ च्या दिवाळीत नात म्हणाली, "आजोबा, पणजीचा आवाज कसा होता?" माझी आई १९९८ साली गेली. तिचा आवाज म्हणून जो काही उरला आहे तो त्या लग्नाच्या शूटिंगमध्ये, शेवटच्या अर्ध्या तासात. माप ओलांडून झाल्यावर बायकांनी आग्रह केला म्हणून आईने लाजत लाजत उखाणा घेतला, तेवढाच. चकती लावली. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या आणि त्या क्षणी सगळे चित्र फुटले. चेहऱ्यांच्या चौकोनी विटा झाल्या, अंतरपाटाचा जिना झाला, आणि चार-पाच सेकंदांनी सगळे पूर्ववत. पुढे उखाण्याची जागा आली तर आईचे ओठ हलले, मिटले आणि मग तिचा आवाज आला. तोवर कॅमेरा मावशीकडे वळला होता. नात म्हणाली, "पणजी मागून बोलते का?"

घरात एक जुना वादही होता. उखाण्यानंतर एक वाक्य ऐकू येते : "अरे बाळा, तो दिवा जरा बाजूला घे, पोरीच्या डोळ्यांवर येतोय." आमची ही म्हणायची की ते सासूबाई म्हणाल्या होत्या, ज्या डोळ्यांवर दिवा येत होता ते तिचे होते, तिला माहीत. मी चकती लावून तिला दाखवले होते की पडद्यावर त्या वेळी मावशी आहे. शिवाय मावशीचा स्वभाव तसा होता. पुरावा माझ्या बाजूने होता.

माझा भाचा या विषयातला जाणकार. त्याने चकती पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, तीन तास एकाच चकतीवर कोंबलेत?" मग त्याने जे समजावले ते मला बँकेच्या भाषेतच नीट कळले. साध्या एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. (संगणक तोच आकडा ४.३७ दाखवतो, कारण चकती विकणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने. या फरकाने पुढे आमची एक चकती वायाही गेली.) ही रक्कम तीन तासांवर वाटली तर चित्र आणि आवाज मिळून दर सेकंदाच्या वाट्याला पस्तीस लाख बिट येतात. डीव्हीडीच्या नियमांनुसार नुसत्या चित्राला सेकंदाला अठ्ठ्याण्णव लाखांपर्यंत खर्च करता येतो. म्हणजे दुकानदाराने आमचे लग्न तुटपुंज्या तरतुदीत उरकले होते.

आता ही तरतूद कशी खर्च होते ते पाहा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, म्हणजे पालमध्ये, सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. एन्कोडर नावाचा हा हिशेबनीस प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. साधारण अर्ध्या सेकंदातून एकदा एक चित्र पूर्ण लिहितो आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे टिपतो. भटजी बसले आहेत, मागची भिंत तीच आहे, मग पुन्हा कशाला लिहा? जे पूर्ण लिहितो त्याचेही आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला ठळक भाग ठेवून बारकावे कमी करतो. या चौकोनांचे गणित आपल्या माणसांनी रचलेले आहे हे मला ठाऊक नव्हते. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक होते. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ साली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवरचा निबंध प्रसिद्ध केला. संशोधनासाठी मागितलेले अनुदान आधी नाकारले गेले होते, कारण कल्पना फारच सोपी वाटली! आज मोबाइलवरचा फोटो असो की डीव्हीडी, दोन्ही त्याच गणितावर चालतात.

मंगल कार्यालयात तीनशे माणसे एकदम अक्षता टाकतात तेव्हा मात्र बिचाऱ्या एन्कोडरची धांदल उडते. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, प्रत्येक हात वर, वाजंत्री सुरू, कॅमेरा हललेला. 'आधीच्यासारखेच' असे काहीच उरत नाही. सगळे नव्याने लिहायला पैसे नाहीत. मग तो बारकावे टाकत टाकत नुसत्या विटा उरवतो. दर महिन्याला सारखी रक्कम देणाऱ्या घरात दिवाळीच्या महिन्यात जे होते तेच. यावर उपाय आहे. एन्कोडरला आधी सगळी फिल्म एकदा नुसती पाहायला लावायची, म्हणजे कुठे दिवाळी आहे आणि कुठे भाकरी-पिठले ते त्याला कळते, आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटप होते. वेळ दुप्पट लागतो. दुकानदाराला तो नसतो.

आवाजाचे दुखणे वेगळे होते. भाच्याने आधी आवाज अडीच सेकंद पुढे ओढला. उखाणा जुळला, पण सुरुवातीची मंगलाष्टके बिघडली. म्हणजे फरक सुरुवातीला नाही, वाटेत वाढत गेलेला आहे. जुन्या टेपचा संकेत डळमळतो. संगणकात उतरवताना मधूनच एखादे चित्र हातातून निसटते, आवाज मात्र अखंड राहतो. तीन तासांत दोन लाख सत्तर हजार चित्रे असतात. त्यांतली साठ-पासष्ट गहाळ झाली की चित्र अडीच सेकंद पुढे पळते आणि आवाज मागे राहतो. डे बुक टॅली होत नाही म्हणून रात्री दहापर्यंत बसलेल्या माणसाला हे दुःख सांगावे लागत नाही. एकच मोठी चूक असेल तर सापडते, साठ छोट्या असतील तर प्रत्येक पान उलटावे लागते.

आवाज कसाबसा तुकड्यातुकड्याने जुळवता आला असता. विटांचे मात्र काही होणार नव्हते. एन्कोडरने टाकलेले परत येत नाही. तरीही आम्ही एक प्रयोग केला, तो सांगण्यासारखा आहे. चेहरे उजळून देणारे हल्लीचे एक सॉफ्टवेअर भाच्याने चालवून पाहिले. चित्र थक्क करण्याइतके स्वच्छ झाले. आईचा चेहरा तुकतुकीत, पापणीचा केस न् केस वेगळा. फक्त तिच्या हनुवटीवरचे गोंदण गेले होते. यंत्राला तो डाग वाटला. मी ते बंद करायला सांगितले. बाई देखणी होती, पण माझ्या ओळखीची नव्हती.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. काटछाट करावीच लागते हे मान्य. पण काय टाकायचे हे ठरवणाऱ्याला, मग तो घाईतला दुकानदार असो की सॉफ्टवेअर, आपली माणसे ठाऊक नसतात. त्याला अक्षता म्हणजे गोंधळ आणि गोंदण म्हणजे डाग. तीन तासांतला दीड तास जेवणाच्या पंगतींचा होता आणि त्या पंगतीला त्याने आईच्या उखाण्याइतकीच तरतूद दिली. ही निवड घरातल्या माणसांनी बसून करायला हवी होती आणि आम्ही ती एका अनोळखी माणसावर सोपवून वर मूळ दस्तऐवजही भंगारात दिला. बँकेत मी असे केले असते तर चौकशी बसली असती.

सुदैवाने मिरजेची नक्कल होती. मेहुण्याने माळ्यावरून लोखंडी पेटी काढली. कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालू नये, टेपही तुटते आणि हेडही खराब होते. एका जुन्या मेकॅनिकने ती उघडून साफ करून दिली. व्हीसीआरही त्याच्याचकडचा. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचे व्हीसीआर बनवले, त्यानंतर नवा मिळण्याची आशा नाही.

पहिल्या दिवशी चित्र काळे-पांढरे आणि वरून खाली लोळत होते. उपकरण अमेरिकी एनटीएससी पद्धतीवर लावलेले होते, ते पालवर आणताच रंग आले. त्या स्वस्तातल्या यूएसबी उपकरणात चित्रे पुन्हा गळू लागली, तेव्हा भाच्याने मित्राचा जुना मिनीडीव्ही कॅमेरा मध्ये जोडला आणि हिशेब जुळला. तासाला सुमारे तेरा जीबी. ही फाइल आम्ही तशीच दोन हार्ड डिस्कवर ठेवली, एक पुण्यात, एक मिरजेत.

मग चकती. ती कशाला हवी, असे भाचा म्हणत होता. पण सांगलीला माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्या आहे, तिच्याकडे डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याचे एकच बटण तिला येते. पहिल्या प्रयत्नात सगळ्यांचे हात पुढे जाऊन मागे येत आणि पुन्हा पुढे जात, जणू अक्षता टाकाव्यात की नाही याचा विचार चाललाय. जुन्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येते, एकाआड एक ओळींचे. डीव्हीच्या फाइलमध्ये जो अर्धा भाग आधी, तो एन्कोडरने नंतरचा धरला होता. एक खूण बदलल्यावर हात शहाण्यासारखे चालू लागले.

दुसरी अडचण नकलेच्या मुंग्यांची. नकलेची नक्कल म्हणून पडद्यावर सतत बारीक खळबळ, आणि एन्कोडर मुंग्यांनाही माणसे समजून त्यांच्यावर बिट उधळतो. मुंग्या थोड्याशाच पुसल्या, गोंदणाला धक्का लागणार नाही इतपतच. शिवाय व्हीएचएसमध्ये मुळात आडवा बारकावा कमी, म्हणून ७२० ऐवजी ३५२ ठिपक्यांची रुंदी घेतली. डीव्हीडीला ती चालते आणि तेवढीच तरतूद निम्म्या ठिपक्यांना पुरते. पंगती वेगळ्या चकतीवर काढल्या. विधी आणि गृहप्रवेश मिळून सव्वा तासाची एक चकती, दोन फेऱ्यांनी, कमी वेगाने लिहिलेली. अक्षतांच्या वेळी चित्र जरा मऊ होते, पण चेहरे ओळखू येतात. मला त्यात माझे दोन मित्र सापडले, जे लग्नाला आलेच नव्हते असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो.

या वेळी सगळी चकती शेवटपर्यंत पाहिली. उखाणा आला, ओठ आणि आवाज एकत्र. आईने उखाणा संपवला, दिव्याकडे पाहून डोळे बारीक केले आणि ती स्वतःच म्हणाली, "अरे बाळा, तो दिवा जरा बाजूला घे, पोरीच्या डोळ्यांवर येतोय." मग कॅमेरा मावशीकडे वळला. मावशी नुसती हसत होती.

ही काही बोलली नाही. रिमोट माझ्या हातून घेऊन तिने तो भाग पुन्हा लावला.

त्या मुलाने दिवा खरेच बाजूला घेतला आहे. त्यामुळे पुढची दहा-बारा सेकंदे पडद्यावर जवळजवळ काळोख आहे, नुसत्या बांगड्या वाजतात. भाच्याने विचारले, "मामा, एवढा भाग उजळवू?" मी हिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "नको. सासूबाईंनी सांगितलंय."