जॉब कार्डावरची एक ओळ

दापोडी आणि बोपोडी यांना जोडणाऱ्या हॅरिस पुलाला समांतर नवे पूल झाले, तरी गर्दीच्या वेळी मुळा नदी ओलांडणे हे अजूनही धीराचेच काम आहे. पहिला गिअर, अर्धवट दाबलेला क्लच, चार हात पुढे, पुन्हा ब्रेक. याच रस्त्यावर रोज धावणाऱ्या एखाद्या गाडीचा दुसरा गिअर एके दिवशी अडू लागतो, किंवा रिव्हर्स टाकताना करकर असा आवाज येतो, आणि मालक ती कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेतो. गाडी दोन वर्षांची, वॉरंटी तीन वर्षांची. त्यामुळे त्याच्या मनात शंका नसते. संध्याकाळी फोन येतो : "साहेब, क्लच प्लेट जळाली आहे. चालवण्यामुळे झाले. हे वॉरंटीत बसत नाही."

येथून पुढे वाद गाडीचा राहत नाही. दोष यंत्राचा की चालवणाऱ्याच्या पायाचा, आणि तो सिद्ध कोणी करायचा, असा तो वाद होतो.

गंमत अशी की ज्या पट्ट्यात हे घडते, तो पट्टा वाहनांवरच उभा आहे. दापोडीत एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, शेजारी भोसरीत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था आहे, पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, पुढे चाकणला देशी-विदेशी कंपन्यांची रांग. लेथवर किंवा गिअर कापण्याच्या यंत्रावर आयुष्य काढलेली माणसे येथे गल्लोगल्ली भेटतात. तरीही तोच जाणता माणूस ग्राहक म्हणून वर्कशॉपच्या काउंटरसमोर उभा राहिला की गप्प होतो. यंत्राचे ज्ञान वेगळे आणि कराराचे वेगळे. व्यापारी घरांतही फार निराळे चित्र नाही. दुकानाच्या खतावणीत दहा रुपयांचा फरक राहू न देणाऱ्या घरात गाडीची वॉरंटी पुस्तिका मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, न उघडलेली असते.

त्या पुस्तिकेतील वचन मोजकेच असते. सामग्रीत किंवा घडणीत दोष असलेला भाग कंपनी विनामूल्य दुरुस्त करील किंवा बदलून देईल. मुदत इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते. त्यानंतर अपवादांची यादी येते, आणि तीत क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर असे झिजणारे भाग असतात. गिअर, शाफ्ट, बेअरिंग, सिंक्रोनायझर रिंग हे गिअरबॉक्सच्या पोटातील भाग सहसा वॉरंटीत मोडतात. अडचण अशी की दोन्हींची लक्षणे बाहेरून सारखी भासतात. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर करकरतो. सिंक्रोनायझर झिजला तरीही करकरतो.

थोडे बारकाईने ऐकले तर भेद कळतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरत असतो. सगळे गिअर सुरळीत पडतात आणि एकच करकरतो, तेव्हा संशय त्या गिअरच्या सिंक्रोनायझरवर जातो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते, तर ती बहुधा गिअरबॉक्समधील बेअरिंगची. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा. मालकाने स्वतः निदान करावे असा याचा अर्थ नाही. मात्र नेमके काय, केव्हा, कोणत्या गिअरमध्ये होते हे त्याला सांगता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक विचारतात. जळलेली क्लच प्लेट हे कारण आहे की परिणाम? ऑइल सील गळून तेल क्लच प्लेटवर आले, तर प्लेट घसरते आणि जळते. प्लेट झिजणाऱ्या भागांच्या यादीत असली तरी सील फुटण्यात चालवणाऱ्याच्या पायाचा काय संबंध? म्हणून "क्लच प्लेट गेली" एवढ्या उत्तरावर समाधान न मानता ती का गेली हे विचारावे, गिअरबॉक्स उतरवलेला असताना जागेवर जाऊन पाहावे, छायाचित्रे घ्यावीत आणि काढलेले भाग आपल्याला दाखवल्याशिवाय टाकू नयेत असे आधीच लिहून द्यावे.

लिहून द्यावे, हाच मुद्दा. गाडी वर्कशॉपमध्ये जाते तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्ड भरतो. मालक पाच मिनिटे तळमळीने सांगतो : सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर पडत नाही, काल हिंजवडीच्या रस्त्यावर तिसऱ्यातून आपोआप सुटला. ॲडव्हायझर मान डोलावतो आणि कार्डावर लिहितो, "जनरल चेकअप". परत देताना शेरा असतो, "ओके". वरवर पाहता काहीच बिघडले नाही. वर्षभराने, वॉरंटी संपल्यावर, तोच गिअर निकामी होतो तेव्हा मालक म्हणतो, हे मी मुदतीतच सांगितले होते. कंपनीच्या नोंदीत मात्र मुदतीत आलेली एकही गिअरबॉक्सची तक्रार नसते. सांगितलेले हवेत विरून गेलेले असते. उरलेले असते ते "जनरल चेकअप".

म्हणून सही करण्यापूर्वी ते कार्ड वाचावे. आपली तक्रार आपल्याच शब्दांत, दिनांक आणि किलोमीटरच्या आकड्यासह त्यावर आहे ना हे पाहावे. नसेल तर तेथेच लिहायला लावावे. ॲडव्हायझरने कंटाळा केला तर त्याच दिवशी वर्कशॉपला आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल पाठवावा. दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही असा असेल तर ॲडव्हायझरला शेजारी बसवून गाडी फिरवावी आणि त्याचा शेरा मागावा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे लागले तर प्रत्येक वेळी नवे कार्ड. चार महिन्यांत तीन कार्डांवर तोच दोष असेल, तर ती तीन कागदे कोणत्याही वक्तृत्वाहून अधिक बोलतात. यात भांडखोरपणा काही नाही. हिशेब ठेवणे एवढेच आहे.

स्वयंचलित गाड्यांत उत्तराचा दुसरा नमुना ऐकू येतो : "हे या गाडीचे वैशिष्ट्यच आहे." ते अगदीच खोटे नसते. एएमटी म्हणजे मूळचा साधा गिअरबॉक्स, त्याचा क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्रणा हलवते. गिअर बदलताना हलकासा झटका त्यात असतोच. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला सरपटत चालणारी वाहतूक मानवत नाही, तो तापतो. पण वैशिष्ट्य कोठे संपते आणि दोष कोठे सुरू होतो? याची सोपी कसोटी म्हणजे त्याच मॉडेलची दुसरी गाडी मागून त्याच रस्त्यावर चालवून पाहणे. तीत तो झटका नसेल तर "वैशिष्ट्य" हा शब्द मागे घ्यावा लागतो, आणि तुलनेची नोंदही कार्डावर करून घ्यावी.

चालकाच्या पायाला दोष देण्याची ही सवय केवळ आपल्याकडची नाही. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांतील 'पॉवरशिफ्ट' नावाच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. गाडी थरथरते, झटके देते, अचानक जोर हरवते. १ मे २०१५ ते २९ फेब्रुवारी २०१६ या दहा महिन्यांत सुमारे १०,५०० तक्रारी आल्या. यंत्रणेत अडचणी आहेत हे कंपनीला ठाऊक होते. तरीही काही ग्राहकांना, थरथर तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होते, असे सांगण्यात आले. प्रकरण तेथील फेडरल न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१८ मध्ये कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. दंड गिअरबॉक्स बिघडला म्हणून नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ज्या रीतीने वागवले त्याबद्दल होता. चीनमध्ये २०१३ साली सरकारी दूरचित्रवाणीने फोक्सवॅगनच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचा विषय मांडला आणि कंपनीला तेथे ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आपल्याकडील न्यायालये ग्राहकाच्या बाजूने आहेत, पण त्यांच्याकडून काय मिळेल याची अपेक्षा नेमकी असावी. "नवी गाडीच द्या" हा पहिला उद्गार स्वाभाविक असतो. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात ग्राहकाची क्लचसह काही दोषांची तक्रार होती आणि खालच्या आयोगांनी गाडीच बदलून देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो मान्य केला नाही. वॉरंटीतील वचन सदोष भाग बदलण्याचे आहे, संपूर्ण गाडी बदलण्याचे नाही, असे न्यायालयाने म्हटले. ग्राहकाला झालेल्या त्रासाची भरपाई मात्र दिली. गाडी बदलून किंवा पैसे परत मिळण्यासाठी मुळातच निर्मितीतील दोष आहे आणि वारंवार दुरुस्तीनेही तो जात नाही, हे दाखवावे लागते. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. तसा अर्ज वेळीच करणे हे तक्रारदाराच्या हिताचे. दुरुस्त होऊन, भाग विकले जाऊन, दोन वर्षांनी तपासायला गिअरबॉक्सच उरला नाही तर तज्ज्ञ तरी काय सांगणार?

तक्रार डीलर आणि उत्पादक या दोघांविरुद्ध करावी. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात २००९ ची आणि ६२२ किलोमीटर धावलेली निघाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. डीलरच्या कृत्याची उत्पादकाला माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. कोणता दोष कोणाच्या दारी मांडायचा हे आधी ठरलेले नसते, म्हणून दोन्ही दारे ठोठावलेली बरी.

व्यापारी कुटुंबांना आणखी एक प्रश्न हटकून पडतो : गाडी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर? व्यावसायिक हेतूने घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक कायद्याचे संरक्षण मिळत नाही, आणि समोरचा पक्ष हा मुद्दा हमखास काढतो. मर्सिडीज गाड्या बनवणाऱ्या डेमलर क्रायस्लर इंडियाच्या प्रकरणात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्या दोन आसनांमधला उंचवटा असह्य तापतो, अशी एका खरेदीदार कंपनीची तक्रार होती. ९ जुलै २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी केवळ त्या कारणाने व्यावसायिक ठरत नाही. माल वाहण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या गाडीची गोष्ट निराळी.

बाहेरच्या गॅरेजात एकदा तेल बदलले म्हणून सगळीच वॉरंटी रद्द, ही धमकीही तितकीच प्रचलित आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, त्या आदेशात यावरही भाष्य आहे : बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी नाकारता येऊ नये, बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. व्यवहारात मात्र मुदत असेपर्यंत सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत ठिकाणी करून बिले जपणे हेच शहाणपणाचे.

पावसाळ्याबद्दल थोडेसे. पवना आणि मुळेचे पाणी चढले की दापोडीच्या सखल भागातील गाड्या बुडतात. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरले की तेल दुधासारखे पांढरट होते. हे नुकसान वॉरंटीत कधीच येत नाही. ते विम्याचे क्षेत्र, आणि तेथेही इंजिन-गिअरबॉक्सचे वेगळे संरक्षण घेतले नसेल तर वाद होतो. बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह टाळून ती ओढूनच न्यावी.

एवढे करूनही समेट झाला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, आणि तो लोक समजतात तितका खर्चिक नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करता येते; कंपनीचे मुख्यालय चेन्नईला असले म्हणून दापोडीकराला चेन्नईला जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर काही वेळा कंपनी तेथेच नमते घेते. पण हेल्पलाइनवर वाट पाहण्यात गेलेले महिने त्या दोन वर्षांतूनच वजा होतात.

वाढीव वॉरंटी घ्यायची असल्यास ती मूळ मुदत चालू असतानाच घ्यावी लागते आणि तिची पुस्तिका निराळी असते. गिअरबॉक्सचे कोणते भाग तीत धरले आहेत, स्वयंचलित यंत्रणेचा नियंत्रक व ॲक्ट्युएटर त्यांत आहेत का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. जुनी गाडी घेणाऱ्याने तर आधीच्या मालकाकडून आरसी बुक आणि किल्ल्यांबरोबर सगळी जॉब कार्डेही मागून घ्यावीत.