मागेल त्याला काम: ही हमी हातची जाऊ देऊ नका

तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूला दुसऱ्या सरफोजी राजांनी उभारलेलं मुक्तांबाळ छत्र (अन्नछत्र) आहे. तंजावरच्या मराठ्यांची ही खूण आपण अभिमानाने सांगतो. पण ओरत्तनाडू तालुक्याशी आपलं आणखी एक नातं आहे, रोजगार हमीचं, आणि आज ते धोक्यात आहे.

वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेल्या रोजगार हमीने 1972च्या दुष्काळात महाराष्ट्राला तगवलं. 1977मध्ये तिचा राज्याचा कायदा झाला, 2005मध्ये देशाचा. तमिळ खेड्यांत तिला ‘नूरु नाळ वेलै’ म्हणतात, शंभर दिवसांचं काम.

नोव्हेंबर 2018मध्ये गाजा चक्रीवादळाने ओरत्तनाडूच्या नारळबागा आडव्या केल्या. भाताची कापणीही आता यंत्रं करतात. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिने कुठे जायचं? गावातच हक्काने काम मागायची सोय या हमीने दिली. छत्रातलं अन्न राजाच्या दानतीवर होतं. ही मजुरी कुणाची मेहेरबानी नाही.

डिसेंबर 2025मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी ‘विकसित भारत–जी राम जी’ कायदा आणला. दिवस 125 झाले, त्याचं स्वागतच. पण कोणत्या राज्याला किती पैसा, हे आता केंद्र आधीच ठरवणार. त्याहून जास्त झालेला खर्च राज्याचा. शिवाय बहुतेक राज्यांवर 40 टक्के भार, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात 60 दिवस कामं बंद. पैसा अपुरा पडला की मजुरांचे अर्जच घेतले जाणार नाहीत, ही खरी भीती आहे. अर्जच नसेल, तर काम न मिळाल्याचा बेकारी भत्ता कशाच्या आधारावर मागणार?

शहरातल्या वाचकांनो, आपल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर महाराष्ट्रात मुळात रोजगार हमीसाठीच लावला गेला. खेड्यातल्या मजुरीचा भार शहरानेही उचलायचा, असं आपणच ठरवलं होतं. तो पैसा आज कुठे जातो, हे आपल्या आमदारांना विचारू या.

गावी गेलात की चार जणींचे कामाचे अर्ज भरून द्या. तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. कामांच्या जाहीर हिशेब-तपासणीला, म्हणजे सामाजिक अंकेक्षणाला, हजर राहा.

1 मेला महाराष्ट्रात ग्रामसभा असते, तामिळनाडूतही असते. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारू या: काम किती जणांनी मागितलं, किती जणांना मिळालं आणि किती दिवसांत? आकडे सभेत मोठ्याने वाचायला लावू आणि तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घेऊ.