बदकाला डोके बुडवू द्या

ज्या सदनिकांत माणसांनाच हातपाय पसरावयास जागा अपुरी पडते, तेथेही मुलांच्या हट्टापायी आणि बाजारात दिसलेल्या पिवळ्याधमक पिल्लाच्या मोहाने बदक आणून ठेवणारी कुटुंबे अधूनमधून आढळतात. आणि अशा घरी ‘याला पोहायला तळे कोठून आणायचे?’ हा प्रश्न जितक्या कळकळीने विचारला जातो, तितक्या कळकळीने ‘याला तोंड धुवायला पाणी मिळते का?’ असे विचारणारे कोणी भेटत नाही. माझ्या मते खरा प्रश्न हा दुसराच आहे. तळ्याच्या अभावाची हळहळ ही पुष्कळदा त्याला बगल देण्याची एक सोय होऊन बसते.

बदकाच्या नाकपुड्या वरच्या चोचीवर, मुळाच्या बाजूला असतात. खाद्य पाण्यात कालवून, चाळून, मग गिळावयाचे ही त्याची जन्मजात रीत असल्यामुळे भरड्याचे लगदे त्या नाकपुड्यांत आणि डोळ्यांच्या कडांना चिकटून वाळतात, आणि डोळ्यांच्या वरपर्यंत डोके पाण्यात बुडवून झटकल्याखेरीज ते निघत नाहीत. पिसांचेही तसेच आहे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल चोचीने घेऊन ते सर्वांगावर फिरविण्याचा जो दीर्घ आणि तल्लीन विधी हा पक्षी दररोज करतो, त्याला पाठीवर उडवलेल्या पाण्याने चालना मिळते. पाणीच नसेल तर पिसे मळतात, त्यांचा जलरोधक गुण जातो, आणि असे बदक पुढे कधी पाण्यात उतरलेच तर चिंब भिजून गारठते. पाण्याच्या पक्ष्याने पाण्यातच भिजून आजारी पडावे, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही.

सुदैवाने हे सारे साधण्यासाठी तळ्याची आवश्यकता नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बदकांच्या निरनिराळ्या गटांना लहान तळी, पन्हळी आणि वरून पडणारे फवारे अशी साधने दिली होती. डोळे, नाकपुड्या आणि पिसे यांच्या स्वच्छतेच्या बाबतीत पन्हळ व फवारा ही तळ्याच्या तोडीची ठरली, आणि केवळ पिण्याच्या तोट्यांवर ठेवलेली बदके मात्र मागे पडली. युरोप परिषदेने १९९९ साली पाळीव बदकांसंबंधी ज्या शिफारशी केल्या, त्यांतही, जेथे पोहण्याची तजवीज शक्य नाही तेथे निदान डोके बुडेल आणि चोचीने अंगावर पाणी घेता येईल एवढी व्यवस्था असावी, असेच म्हटले आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरी गॅलरीतल्या बदकापुढे स्टीलची वाटी ठेवलेली असे, आणि वाटी सदैव भरलेली असल्यामुळे आपले कर्तव्य पार पडले अशी घरच्या मंडळींची प्रामाणिक समजूत होती. परंतु पक्ष्याच्या एका डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळसर खपली धरली होती आणि पोटाखालची पिसे गोणपाटासारखी राठ झाली होती. कोणीतरी मोरीत पाण्याने भरलेले घमेले ठेवले मात्र, त्या पक्ष्याने मान खुपसून, झटकून, पुन्हा खुपसून पाण्याचे शिंतोडे दारापर्यंत उडवले. घरच्या बाईंच्या मुद्रेवर कौतुक अधिक होते की वैताग, हे सांगणे कठीण.

तेव्हा जागा मोरीचीच नेमावी. स्वयंपाकघराच्या ओट्याशी या पाण्याचा संबंध येऊ देऊ नये, कारण धडधाकट दिसणाऱ्या बदकाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. टबात उतरू द्यावयाचे असेल तर बाहेर पडण्यासाठी विटेची पायरी ठेवावी, आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकू नयेत म्हणून रबरी चटई अंथरावी. आईविना वाढणारे लहान पिल्लू मात्र टबात सोडू नये. ते गारठते, दमते, बुडतेही. शिवाय पाण्यावाचून कोरडे खाद्य घशात अडकते, सबब रात्री पाणी उचलावयाचे तर खाद्यही उचलावे.

‘माणसांना टँकरची वाट पाहावी लागते आणि तुम्ही बदकाच्या स्नानाच्या गोष्टी सांगता!’ अशी हरकत कोणी घेईल, आणि २०१६ साली ज्या राज्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्या राज्यात ती क्षुल्लक म्हणून उडवून लावता येणार नाही. तथापि, शहरांसाठी सरकारी निकष माणशी दररोज १३५ लिटरांचा आहे. वीस लिटरांचा टब रोज बदलला तर तो एका माणसाच्या वाट्याच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका होतो, आणि नुसते घमेले ठेवल्यास त्याहूनही पुष्कळ कमी. हे पाणी वायाही जात नाही, कारण विष्ठेमुळे ते झाडांना खताचेच काम करते. वडीलधारी मंडळी ते तुळशीला घालू देणार नाहीत, जास्वंदीची मात्र तक्रार नसते. अडचण पाण्याच्या परिमाणाची नसून नित्यनेमाची आहे: पाहता पाहता गढूळ होणारे ते पाणी दररोज, पाहुणे असोत, परीक्षा असोत, ओतून पुन्हा भरण्याची.

१९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ अन्वये जनावराला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा मालकाचा अपराध ठरतो. ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ कुत्र्याच्या बाबतीत पिण्यापुरते असा घेता येईल. बदकाच्या बाबतीत तो डोके बुडण्यापुरते असाच घेतला पाहिजे, आणि पिल्लू विकणाऱ्याने पैसे मोजून घेण्यापूर्वी हे गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे. ज्यांना हा नेम झेपणार नाही त्यांनी मुलाचा हट्ट मोडावा, पण पिल्लू घरी आणू नये. ज्यांनी आणले आहे, त्यांनी आजच वाटी उचलून घमेले ठेवावे.