वर्गातला फोन नक्की कुणासाठी?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


मी मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. 2026-27 पासून तिसरीपासूनच मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देण्याची घोषणा केंद्र सरकारने केली आहे. तो विषय माझ्या वर्गात येण्याआधी एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे. आमच्या शाळेत रोज हमखास चालणारे यंत्र एकच, ते म्हणजे शिक्षकाच्या हातातला फोन. शाळेच्या वेळात तो फोन मुलांच्या कामी फार कमी येतो. वरच्या कार्यालयांना माहिती पुरवण्यातच तो गुंतलेला असतो. हे बदलल्याशिवाय वर्गात नवे काहीही आणले, तरी ते याच वाटेने जाईल, असे माझे ठाम मत आहे.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. पुण्यात 1984 मध्ये सुरू झालेल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आज शाळाशाळांतून शिकवते आहे. ती संस्था 2017 मध्ये बंद झाली, याचे मला आजही वाईट वाटते. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शिक्षकांनी गावाला सोबत घेऊन शाळा डिजिटल केली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा आमच्या शाळासमूहाच्या केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकाला ते आपल्याच घरी आल्यासारखे वाटले होते. या दोन्ही गोष्टी वरून आलेल्या आदेशाने सुरू झाल्या नाहीत. आपल्या वर्गातल्या मुलाचे कुठे अडते हे शिक्षकाने पाहिले आणि त्यावर उपाय शोधला.

टाळेबंदीतले आणखी एक उदाहरण आहे. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती त्यात असत. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, पण शेजारी टीव्ही होता, अशी मुले तिथे जाऊन बसत. मालिका बघून झाल्यावर मूल डाळीचे दाणे, काड्या, बाटल्यांची झाकणे गोळा करायला उठत असे. पडद्याने मुलाला पडद्यापासून उठवले पाहिजे, हे मी तेव्हापासून धरून बसले आहे.

आता माझ्या वर्गातली एक सकाळ सांगते. दुसरी-तिसरीची मुले गोल करून बसली आहेत. जोडाक्षरे येणारा एक परिच्छेद एकेक जण वाचतो आहे. दुसरीतली एक मुलगी 'रस्त्यावर' या शब्दापाशी अडते. 'स्त्या' तिला दिसते आहे, पण तोंडातून निघत नाही. अशा वेळी शिक्षकाने फक्त थांबायचे असते. शब्द पुरवायचा नाही, दुसऱ्याला सांगू द्यायचा नाही. ती दोनदा पुटपुटते आणि तेवढ्यात फोन वाजतो. केंद्राच्या ग्रुपवर निरोप आलेला असतो: 'अति तात्काळ. सोबतची लिंक आज बारापर्यंत भरावी. न भरणाऱ्या शाळांची यादी वरिष्ठ कार्यालयास पाठवली जाईल.' मी मान खाली घालते, लिंक उघडते, शाळेचा यूडायस क्रमांक टाकते. मान वर करते तोवर शेजारच्या मुलाने तिला शब्द सांगून टाकलेला असतो. तिची वाचायची पाळी गेलेली असते.

मागितलेली माहिती बहुतेक वेळा आधीच दिलेली असते. 2015 मध्ये सरल प्रणाली आली, तेव्हा एकदा माहिती भरली की पुन्हा मागायची नाही, असे वाटून आम्ही रात्री जागून ती भरली. आज सरल आहे, यूडायस प्लस आहे, पोषण आहाराची वेगळी नोंद आहे आणि त्यातूनही वेळ उरला तर गुगल फॉर्म आहेच. डिसेंबर 2023 पासून विद्यार्थ्यांची हजेरी चॅटबॉटवर नोंदवायला सांगण्यात आले. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला तो आळसापोटी नव्हता. तीच हजेरी आम्ही कॅटलॉगवर घेतो आणि पोषण आहाराच्या नोंदवहीतही मांडतो. रेंज नसेल तर शाळेमागच्या टेकाडावर जाऊन फोन उंच धरावा लागतो आणि तेवढा वेळ दोन इयत्ता एकट्या असतात.

चाचणीचे गुणही आम्ही असेच भरतो. ते वर जातात. पण 'तुमच्या तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, अमुक पद्धतीने करून पाहा' असे सांगणारा एकही निरोप परत आलेला मी पाहिलेला नाही. दवाखान्यात रोज रक्त काढून घ्यावे आणि तपासणीचा कागद रुग्णाच्या हाती कधीच देऊ नये, असे हे चालले आहे.

सगळ्यात जास्त त्रास आधारच्या जुळणीचा होतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. संचमान्यतेसाठी आधार वैध ठरलेले विद्यार्थी मोजले जातात. शाळेत किती शिक्षकांची पदे राहणार, हे त्यावर ठरते. आमच्याकडे दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे जातात. मुलाला आजीजवळ ठेवायचे की सोबत न्यायचे, हा घरातला मोठा प्रश्न असतो. आम्ही घरोघरी जाऊन विनवतो की, ठेवा, आम्ही लक्ष देऊ. काही जण ठेवतात. ही मुले रोज शाळेत येतात, शिकतात. पण दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरे, जन्मतारखेत फरक, असे काही निघाले की पडद्यावर ते मूल अवैध. दुरुस्तीला पालक हवेत आणि पालक उसाच्या फडावर. विद्यार्थ्याच्या 'अपार' ओळख क्रमांकासाठी संमतिपत्रावर सही करणारे तेच. ओटीपी जातो तोही त्यांच्याच फोनवर आणि तो बहुधा चार्जिंगअभावी बंद असतो. ज्या मुलाला गळतीपासून वाचवायला आम्ही उंबरे झिजवले, ते वर्गात बसलेले असूनही मोजणीत नसते. पट कमी दिसला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मग चारही इयत्ता एकाच्या गळ्यात पडतात. समोर बसलेल्या मुलापेक्षा पडद्यावरची नोंद खरी मानणे हा अन्याय आहे.

विजेबद्दल थोडक्यात. लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅबलेट घेणाऱ्या शाळा राज्यात खूप आहेत. थकलेल्या बिलापायी वीज तुटल्याने ते कपाटात पडून असल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या, पैशात खडू, झाडू आणि वीज हे सगळे बसत नाही. शाळेचे बिल शासनाने थेट भरावे.

पालकांच्या फोनवर अभ्यास पाठवा, असेही आम्हाला सांगितले जाते. असर 2024 या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरल्याचे त्यांच्यापैकी 57 टक्के मुलांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे 76 टक्क्यांनी. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असणाऱ्या मुली मुलांपेक्षा कमी आहेत. ही मोठ्या मुलांची स्थिती. आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलींच्या घरी फोन आधी भावाच्या हातात जातो आणि ऊसतोडीच्या महिन्यांत तर तो घरातच नसतो. फोनवर पाठवलेला गृहपाठ कुणापर्यंत पोहोचत नाही, हे मला नावानिशी माहीत आहे. म्हणून मी तो पाठवत नाही.

इतर राज्यांकडे पाहताना केरळचा विचार व्हावा. तिथे 2001 मध्ये आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि 2017 मध्ये त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली. मुक्त सॉफ्टवेअर, शिक्षकांचे सातत्याने प्रशिक्षण आणि 'लिटिल काइट्स' गटांतून तंत्रज्ञान हाताळायला शिकणारी मुले, अशी घडी त्यांनी वर्षानुवर्षे बसवली. सरकारे बदलली तरी ती मोडली नाही. आपल्याकडे अधिकारी बदलला की अॅप बदलते.

आपल्याकडून काय हवे आहे, ते सांगते. शाळेच्या वेळात शिक्षकांना कोणतीही लिंक पाठवू नये, असा लेखी आदेश काढा आणि तो मोडणाऱ्या कार्यालयाला जाब विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. माहिती भरण्याच्या कामाला शैक्षणिक म्हटल्याने ते शैक्षणिक होत नाही. एकदा भरलेली माहिती सगळ्या कार्यालयांनी जिथे भरली तिथूनच घ्यावी. त्यासाठी प्रत्येक केंद्राला एक माहिती सहायक द्या. संचमान्यतेसाठी केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष मोजलेला पट ग्राह्य धरा. आधार दुरुस्तीचे शिबिर दिवाळीपूर्वी, पालक गावात असताना, शाळेतच भरवा.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणायचीच असेल, तर ती पहिल्यांदा आमच्यासारख्या शाळांत वर्षभर वापरून पाहा. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या, गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलांसमोर ती ठेवा. वाचन ऐकून चुका दाखवणारे यंत्र माझ्या मुलाने 'पाणी'ला 'पानी' म्हटले की लाल खूण करणार असेल, तर ते मूल उद्या तोंड उघडणार नाही. त्या वर्षभराच्या अनुभवाचा अहवाल तिथल्या शिक्षकांनी लिहावा आणि तो जसाच्या तसा लोकांसमोर ठेवावा. निर्णय त्यानंतर घ्या.

या पत्रासोबत गेल्या महिन्यात शाळेच्या वेळात आम्हाला आलेल्या लिंकची यादी जोडली आहे. कोणती माहिती आधीच कुठे भरलेली होती, हे प्रत्येक लिंकपुढे लिहिले आहे. ती आपल्या कार्यालयातल्या संबंधित अधिकाऱ्याला वाचायला द्यावी आणि यातल्या कोणत्या लिंक बंद करणार, ते आम्हाला पुढचे सत्र सुरू होण्याआधी लेखी कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका