भूर्जाच्या खोडावरचा ताल

या अंकाची जुळवाजुळव चालू होती तेव्हा कानात एकच संगीत होतं: नॉर्वेच्या ‘वार्द्रुना’ या संगीतसमूहाचं. २००९, २०१३ आणि २०१६ साली आलेली त्यांची ‘रुनाल्योद’ ही अल्बम-त्रयी प्राचीन रुन लिपीच्या २४ चिन्हांवर उभी आहे. रचनाकार एइनार सेल्विक पूर्वी ब्लॅक मेटलमध्ये ड्रम वाजवत.

व्हायकिंग काळातल्या चाली लिहून ठेवलेल्या नाहीत. त्यामुळे ‘हे हजार वर्षांपूर्वीचं संगीत’ असं सेल्विक म्हणत नाहीत, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. बोकडाचं शिंग, घोड्याच्या केसांच्या तारांची तागेलहार्पा, हरणाच्या कातड्याचे ढोल घेऊन ते नवं गाणं रचतात. शब्दांचं बळ मात्र नॉर्स दैवतकथांच्या एड्डा काव्यातून आणि रुनगीतांतून येतं. ‘ब्यार्कान’ म्हणजे रुन लिपीतलं बर्च झाडाचं चिन्ह. त्या नावाच्या गाण्यासाठी ते जंगलात गेले आणि झाडांच्या खोडांवरच ताल धरला. आपला भूर्जपत्रातला ‘भूर्ज’ हा ‘बर्च’ या शब्दाचाच सख्खा भाऊ! हे कळल्यापासून ते गाणं मला परकं वाटलेलं नाही.

दैवतकथांतून जन्मलेल्या अशाच संगीताला हा अंक वाहिला आहे. वाचण्याआधी ‘ब्यार्कान’ एकदा ऐका, शक्यतो पहाटे.