बीटलला विजेची मोटर बसेल. पण नोंदणी कोणत्या वर्गात?

जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून तेथे विजेची मोटर बसवण्याचा उद्योग युरोपात आता हौशी कारागिरांपुरता राहिलेला नाही. २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या वाहन प्रदर्शनात खुद्द फोक्सवॅगनने जुन्या बीटलचा विद्युत अवतार मांडला. पुढील वर्षी १९६६ सालच्या टी-१ बसचा क्रमांक लागला. भारतात मात्र असे रूपांतर करू पाहणाऱ्या मालकाला तंत्रापेक्षा कायदा अधिक अडवतो. पोर्तुगीज राजवटीत युरोपातून थेट मोटारी उतरत असलेल्या गोव्यात हा प्रश्न परका नाही.

या कामासाठी बीटल सोयीची का, हे तिच्या रचनेतच दिसते. तिचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन मागे, गिअरबॉक्सच्या पाठीशी असते. ते मोजक्या बोल्टवर टांगलेले असल्याने सराईत कारागीर थोडक्या वेळात ते खाली उतरवतो. रिकाम्या जागी धातूच्या जोडप्लेटने मोटर बसवली, की जुना गिअरबॉक्स तसाच चालू राहतो. पाण्याचा रेडिएटर मुळातच नाही, त्यामुळे तो काढण्याचीही कटकट नाही.

अडचण सुरू होते ती बॅटरीपासून. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये ३६.८ किलोवॅट-तासांची बॅटरी गाडीच्या तळाशी आहे आणि एकूण वजन १,२८० किलो भरते. मूळ गाडी सुमारे ८०० किलोंची. साठच्या दशकातील १२०० सीसी बीटलची ताकद ३४ अश्वशक्ती होती, नवी मोटर सुमारे ८२ अश्वशक्तीची आहे. एवढा भार आणि वेग जुन्या ब्रेकांच्या भरवशावर सोडता येत नाही. त्या काळच्या बीटलचा मागचा स्विंग ॲक्सल तर वळणावर चालकाने अचानक वेग कमी केला, की चाके आत झुकवण्यासाठी कुप्रसिद्धच होता. कंपनीला म्हणूनच ब्रेक आणि सांगाड्यात सुधारणा कराव्या लागल्या. बसच्या बाबतीत तर पुढचे-मागचे सस्पेन्शन व स्टिअरिंगही नवे आले. बाहेरून १९६६, आतून २०२० अशी ती गाडी झाली. तिला जुनी म्हणावे का, हा वाद निरर्थक नाही.

फ्रान्सने २०२० च्या आदेशात या वादाला आकड्यांनी उत्तर दिले. रूपांतरानंतर ताकद मूळ इंजिनापेक्षा वाढता कामा नये, वजनातील फरकही ठरावीक मर्यादेतच हवा. कंपनीची ही दोन्ही देखणी वाहने ताकदीच्या पहिल्याच कसोटीवर अडकली असती. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' अशा गाडीला ऐतिहासिक मानत नाही. मात्र बदल करायचाच असेल तर तो उलटवता येण्याजोगा असावा आणि काढलेले मूळ भाग खुणा करून जपावेत, असे ती सुचवते. ही भूमिका व्यवहार्य आहे.

आपल्याकडे अशी मधली वाट नाही. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, सांगाडा, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडीच 'विंटेज' ठरते. तिला 'व्हीए' मालिकेची पाटी मिळते, नोंदणी २० हजार रुपयांत दहा वर्षांसाठी होते. पण ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा कारणांनीच रस्त्यावर काढता येते. इंजिन बदलले की हे दार बंद.

दुसरे दार नियमित नोंदणीचे. तेथे विद्युत संचाला एआयएस-१२३ या मानकानुसार अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. मान्यतेचा खर्च संच बनवणारा शेकडो गाड्यांवर वाटून वसूल करतो. लाखोंनी खपलेल्या छोट्या मोटारीसाठी हे गणित जुळते. देशभरात विखुरलेल्या मोजक्या बीटलसाठी तो खर्च कोण करणार? त्यात परदेशी बनावटीच्या जुन्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासूनच ४० हजारांवर गेले. बॅटरीसाठी मालक खर्च करील, पण पाटीच मिळणार नसेल तर तो कशाला धजावेल?

गोव्यात आणखी एक बाब आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी बीटलचा पत्र्याचा तळ आधी खाल्लेला असतो, आणि बॅटरीचे ओझे पेलायचे ते त्याच तळाने. त्यामुळे जोडणीची तपासणी येथे कागदी राहून चालणार नाही.

विंटेज गाड्या पाहून पात्रता ठरवणारी समिती केंद्राच्या नियमांप्रमाणे राज्यानेच नेमायची असते. मूळ इंजिन मालकाच्या ताब्यात आहे, सांगाडा कापलेला नाही आणि ताकद वाढलेली नाही, एवढे पाहणे अशा समितीला सहज शक्य आहे. मात्र त्या पाहणीला कायदेशीर अर्थ येण्यासाठी नियमात वेगळा वर्ग हवा आणि ती दुरुस्ती दिल्लीतच होऊ शकते. तोवर रूपांतराचा विचार करणाऱ्याने जुने इंजिन भंगारात विकू नये. 'व्हीए' पाटीकडे परतण्याची वाट त्याच्याशिवाय उरणार नाही.