बोटाखालचे बटण

युरोपात नव्या मोटारींची परीक्षा घेऊन त्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी 'युरो एनकॅप' नावाची संस्था आहे. तिचे ऐकण्याची कायद्याने सक्ती नाही. तरीही पाचवा तारा हातचा जाऊ नये म्हणून मोटार कंपन्या तिच्यापुढे सुतासारख्या सरळ वागतात. या संस्थेने २०२६ सालापासून आपल्या परीक्षेत एक नवा विषय घातला आहे. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि संकटात मदत मागण्याची सोय, या पाच कामांसाठी हाताला लागणारे स्वतंत्र बटण किंवा दांडा हवा. ती नुसती काचेच्या पडद्यावर ठेवली, तर पूर्ण गुण मिळायचे नाहीत.

गंमत अशी, की गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोटारीतली बटणे जुनाट ठरवून काढून टाकली गेली ती मोठ्या अभिमानाने. कारण अर्थातच पैशाचे. एक काच बसवली की तीस-चाळीस बटणे, त्यांचे साचे, त्यांच्या तारा, त्या जोडणारे हात, सगळा खर्च वाचतो. शिवाय गाडी विकल्यानंतरही कुठले चित्र कुठे दिसावे हे कंपनीला बदलता येते. आपल्याला मात्र ही काटकसर आधुनिकता म्हणून विकली गेली, आणि आपण ती आनंदाने घेतली.

या प्रश्नाकडे माझे लक्ष गेले ते वेगळ्याच वाटेने. माझी भाची अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने गेल्या उन्हाळ्यात घरी व्हिडिओ गेमचे कपाट करायला घेतले. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे ते लगेच उभे राहील. नव्वदच्या दशकात एसटी स्टँडच्या आसपास, थिएटरशेजारच्या बोळात असली पार्लरे असत. माणसाच्या उंचीचे लाकडी खोके, त्यात टीव्ही, आणि खाली किंचित उतरत्या फळीवर एक दांडा व काही बटणे. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हा खेळ आपल्याकडे 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला, कारण त्यातल्या चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा. खेळाचे मूळ नाव विचारले असते तर बहुतेक पोरांना सांगता आले नसते.

ही यंत्रे घरी बनवण्याचा छंद आज जगभर आहे. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 'मेम' सुरू केला. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल साध्या संगणकाकडून करवून घेणारा हा प्रोग्राम. पुढे २०१२ साली क्रेडिट कार्डाएवढा 'रास्पबेरी पाय' हा संगणक स्वस्तात मिळू लागला. (खेळांचे हक्क अजून कंपन्यांकडेच आहेत, हे छंदिष्ट मंडळी सोयीने विसरतात.) लाकूड सुतार कापून देतो, पडदा जुन्या संगणकाचा चालतो. डोके चालवावे लागते ते फळीवर. कुठे दांडा, कुठे बटण, किती बटणे, हे ठरवून एकदा प्लायला भोके पाडली, की बदल नाही.

पहिला मोह असतो सगळेच बसवण्याचा. चार दांडे, मोठा गोल चेंडू, फिरणारी मूठ, तीस-चाळीस बटणे. या छंदातले जाणते लोक असल्या फळीला 'फ्रँकेनपॅनेल' म्हणून हिणवतात. सगळे खेळ खेळता यावेत म्हणून बनवलेल्या त्या फळीवर कुठलाच खेळ धड खेळता येत नाही. पाहुणा समोर उभा राहतो आणि विचारतो, "यातलं दाबायचं काय?"

मूळच्या पार्लरमधल्या यंत्रांना ही अडचण नव्हती. तिथे एका यंत्रात एकच खेळ असे, आणि फळी त्या खेळासाठीच जन्मलेली. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'ला दांडाच नव्हता. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे चला, गोळी झाडा, अदृश्य व्हा, अशी पाच बटणे. १९८० च्या 'पॅकमॅन'ला उलट फक्त एक दांडा. त्याचे जनक तोरू इवातानी यांना पार्लरमध्ये बायका-मुली याव्यात, जोडप्यांनी यावे असे वाटत होते. बटणांची दहशत नाही म्हटल्यावर कुणीही पुढे होऊ शकले. त्यानंतर आलेल्या 'डिफेंडर'ला वरखाली करण्याचा दांडा आणि वर पाच बटणे; तोही गाजला, पण नवखा माणूस त्यापुढे मिनिटभरही टिकत नसे. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ची सहा बटणे माझ्या मते या कलेतला उत्तम नमुना आहेत. वरच्या ओळीत तीन ठोसे, खालच्या ओळीत तीन लाथा. दोन्ही ओळींत डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम, जोरदार. एकदा समजले की खाली पाहायची गरजच उरत नाही.

भाचीने शेवटी दोन दांडे आणि दोघांना सहा-सहा बटणे ठरवली. ती बटणे सरळ रेघेत न ठेवता बोटांच्या लांबीप्रमाणे कमानीत, कारण करंगळी मधल्या बोटाइतकी लांब नसते. प्लायला हात लावण्याआधी तिने पुठ्ठ्याचे पॅनेल केले आणि घरातल्या प्रत्येकाला त्यापुढे उभे केले. मला म्हणाली, "मामा, डोळे मिट आणि उडी मारायचं बटण दाखव बरं." मग माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला बोलावले. आईची बोटे संधिवाताने वाकली आहेत. दांड्याची मूठ तिच्या हातात मावेना, आणि स्प्रिंग इतकी ताठ की दांडा हलेना. "अगं, माझ्यासाठी कशाला खटाटोप?" असे आई म्हणाली, पण भाचीने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हिंडून मऊ स्प्रिंग आणलीच. दांड्याखाली आणखी एक बारीक पट्टी असते. ती फिरवली की आठ दिशांना हलणारा दांडा चारच दिशांना हलतो. 'पॅकमॅन'च्या गल्ल्यांत तिरपे जाता येत नाही. आठ दिशांच्या दांड्यावर आईचा हात जरा तिरका गेला की तो पिवळा गोळा चुकीच्या गल्लीत शिरे. पट्टी फिरवल्यावर हे थांबले.

आणखी एक गोष्ट तिने केली, ती मला फार महत्त्वाची वाटते. खेळ बंद करण्याचे बटण वरच्या फळीवर ठेवलेच नाही. ते कपाटाच्या कडेला, खाली. रंगात आलेल्या माणसाचा हात चुकून पडला तर काय होईल, याचा विचार आधी करावा लागतो.

घरच्या खेळात चूक झाली तर एक डाव जातो. समुद्रावर तसे नसते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकी विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि दहा नौसैनिक मेले. तिचे सुकाणू आणि वेग दोन्ही काचेच्या पडद्यांवरून चालत. कामाची वाटणी करताना सुकाणूचा ताबा न कळत दुसऱ्या पडद्याकडे गेला. सुकाणू धरणाऱ्याला वाटले, सुकाणूच निकामी झाले. वेग कमी करायला गेले, तेव्हा दोनपैकी एकाच पंख्याचा वेग उतरला, आणि जहाज डावीकडे वळून तेलवाहू जहाजाच्या वाटेत गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ च्या अहवालात प्रशिक्षणातल्या उणिवांवर बोट ठेवले आणि त्या पडद्यांच्या रचनेवरही ठेवले. दोन दांडे हातात असते, तर एकच मागे आला हे हाताला कळले असते. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने आपल्या विनाशिकांवर वेगासाठी पुन्हा दांडे बसवण्याचे ठरवले.

आपल्याकडे कोट्यवधी लोकांनी हाताळलेले पॅनेल म्हणजे मतदान यंत्र. त्याच्या भोवतीचे राजकीय वाद क्षणभर बाजूला ठेवू; फक्त फळी पाहू. १९८२ साली केरळातल्या परवूर मतदारसंघात ते पहिल्यांदा वापरले गेले, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर त्यावर झाली. एका फळीवर सोळा ओळी. प्रत्येक ओळीत नाव, चिन्ह, एक निळे बटण. दाबले की शेजारी दिवा आणि लांब आवाज. बटणांच्या बाजूला ब्रेलमध्ये आकडे. वाचता न येणाऱ्याला चिन्ह आहे, न दिसणाऱ्याला ब्रेल आहे, आणि दाबले गेले की नाही ही शंका राहू नये म्हणून आवाज आहे. भाचीच्या पुठ्ठ्यावरची परीक्षा हे यंत्र सहज उत्तीर्ण होते.

म्हणूनच सध्या जे चालले आहे ते खटकते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना बँकेच्या ओळख पडताळणीसाठी 'कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावा' असे सांगितले जात होते. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि सरकारला वीस निर्देश दिले. त्यातला बराचसा भाग फोनवरच्या आणि संगणकावरच्या सेवांबद्दल आहे. दुकानाच्या गल्ल्यावर, लिफ्टच्या भिंतीवर, नव्या शेगडीवर आणि वॉशिंग मशीनवर जी गुळगुळीत काच येऊन बसली आहे, तिच्यापुढे उभे राहणाऱ्याचा हात कुणी तपासलेला नाही.

आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात कार्डाचे जुने यंत्र होते. त्याच्या पाच आकड्यावर बारीक उंचवटा होता. तो बोटाला लागला की बाकीचे आकडे आपोआप सापडत. आमच्या सोसायटीतले एक दृष्टिहीन निवृत्त शिक्षक दर महिन्याला तिथे औषधे घेतात आणि स्वतःच्या हाताने पिन दाबून पैसे देत असत. गेल्या दिवाळीत दुकानदाराने ते यंत्र बदलून सगळी काच असलेले नवे आणले. गेल्या महिन्यात मी रांगेत त्यांच्या मागे होतो. त्यांनी काचेवरून एकदा बोट फिरवून पाहिले, मग दुकानदाराच्या दिशेने मान वळवली आणि चारही आकडे मोठ्याने सांगितले.